पुण्यात पत्रकार व्हायचंय? आधी बातमी आणा, मग अर्ज करा

ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, "भाचीला पत्रकारितेत जायचंय, तिच्याशी जरा बोल ना." मग ती भाची रविवारी सकाळी घरी येते. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि वक्तृत्व स्पर्धांची प्रशस्तिपत्रकं. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, कोर्स कुठला करू?"

मी चहा टाकतो आणि उलट विचारतो, "राहतेस कुठे?"

"आंबेगाव बुद्रुक."

"पाणी किती वाजता येतं?"

"आमच्याकडे टँकरच येतो."

"महिन्याला किती? पैसे कोण भरतं? महापालिकेची पाणीपट्टी येते का?"

इथे भाची गप्प होते. तिला यातलं काही माहीत नसतं. तिच्या आईला थोडंफार माहीत असतं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तर टँकरच्या पावत्यांची फाइलच असते. म्हणजे तिची पहिली बातमी तिच्याच जिन्यात दोन मजले खाली पडलेली असते आणि ती मात्र कोर्सच्या जाहिराती चाळत बसलेली असते.

पत्रकारितेत शिरायचे दोनच रस्ते आहेत, असं पुण्यात सगळे सांगतात: डिग्री किंवा ओळख. दोन्ही थोडेफार उपयोगी पडतात. पण वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासण्याच्या टेबलावर, वीस-बावीस वर्षं काढल्यानंतर माझं मत असं झालंय की या धंद्यात टिकतात ती हातात काम घेऊन आलेली मुलं. "मला संधी द्या" म्हणणारा रोज एक तरी येतो. "ही बातमी तुमच्याकडे आलेली नाही, माझ्याकडे कागद आहेत" म्हणणारा वर्षात एखादा. त्या एखाद्यात आपण कसं बसायचं, एवढंच पुढे सांगतो.

आधी काम कसलं असतं ते बघून घ्या

पुण्याची एक अडचण आहे. इथे पत्रकार व्हायला आलेल्या प्रत्येकाला अग्रलेख लिहायचा असतो. गावाचा इतिहासच तसा. 'केसरी' १८८१ सालचा, त्याच्याही आधी १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सत्यशोधकांचा 'दीनबंधू' इथेच काढलेला. पत्रकार म्हणजे मत मांडणारा माणूस, हे डोक्यात पक्कं बसलंय. १९३२ मध्ये नानासाहेब परुळेकरांनी 'सकाळ' काढला तो मात्र लोकांच्या रोजच्या जगण्यातल्या बातम्यांवर भर देऊन. नव्या माणसाला कामाला घेतात ते या दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी. तुमचं मत अजून दहा वर्षं कुणी विचारणार नाही.

ढोबळमानाने दोन बाजू असतात. बातमीदार बाहेर फिरतो. त्याला बीट, म्हणजे ठरलेला विषय असतो: महापालिका, गुन्हे, कोर्ट, शिक्षण, आरोग्य वगैरे. उपसंपादक आत डेस्कवर बसतो. आलेली कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर तपासतो, छाटतो, मथळा देतो, पान लावून घेतो. बातमीदाराचा दिवस दहा-अकराला सुरू होतो आणि संध्याकाळी सात ते नऊ त्याची खरी धावपळ असते. डेस्कवरच्याचा दिवस दुपारी उजाडतो आणि शहर आवृत्ती सोडून तो घरी जातो तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. लग्नकार्यं, दिवाळीची संध्याकाळ, मित्रांचे वाढदिवस या गोष्टी हळूहळू आयुष्यातून वजा होतात. वेबसाइटच्या डेस्कवर पाळ्या असतात, तिथे पहाटेची पाळी नवख्याच्याच वाट्याला येते. चॅनेलचा बातमीदार बाइट, म्हणजे कॅमेऱ्यापुढची प्रतिक्रिया घेत पळतो. त्याला लिहिण्यापेक्षा दोन मिनिटांत न अडखळता बोलता यावं लागतं.

तुमचा पिंड कुठला, हे घरबसल्या कळत नाही. पंधरा दिवस एखाद्या बातमीदाराच्या मागे फिरा. ससून रुग्णालयाच्या शवागाराबाहेर रडणाऱ्या माणसाला त्याच्या भावाचं पूर्ण नाव आणि वय विचारता येतंय का, ते बघा. कुणाला ते जमत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. माझ्याबरोबरचे दोघे तेवढ्यासाठी डेस्कवर आले आणि उत्तम संपादक झाले.

एक परिसर धरा आणि सहा महिने सोडू नका

या लेखातली मुख्य पायरी ही आहे. बाकी काही वाचलं नाहीत तरी हा भाग वाचा.

तुम्ही राहता तो प्रभाग किंवा उपनगर निवडा. पुण्यात यासाठी सोन्यासारखा मुलूख आहे. महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. या गावांत ग्रामपंचायत गेली, पण रस्ते, पाणी आणि ड्रेनेज काही त्याच वेगाने आलं नाही. कर आधी आला. मोठ्या दैनिकांकडे अशा प्रत्येक भागात माणूस नसतो. तिथे तुम्ही असायचं.

पहिल्या महिन्यात काही लिहू नका. नुसती माणसं गाठा. शहरात महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत, त्यातलं तुमचं कुठलं ते शोधा आणि तिथल्या पाणी, आकाशचिन्ह (जाहिरात फलक) व बांधकाम या खात्यांचे टेबल कुठे आहेत ते पाहून या. साहेबापेक्षा लिपिकाशी आणि शिपायाशी ओळख करा. फाइल कुठल्या टेबलावर अडलीये, हे साहेबाला विचारून कळत नाही. आरोग्य कोठीवरचा, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणचा मुकादम, कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई, रेशन दुकानदार, महापालिकेच्या दवाखान्यातल्या नर्स, शाळेचे मुख्याध्यापक, गणेश मंडळाचा खजिनदार, स्मशानभूमीत नोंदी करणारा कर्मचारी. डेंगी वाढलाय हे आरोग्य खात्याच्या प्रेसनोटच्या आठ दिवस आधी दवाखान्यातल्या नर्सला ठाऊक असतं.

वही ठेवा. मोबाइलमध्ये नाही, कागदाची. प्रत्येक पानावर तारीख, माणसाचं पूर्ण नाव, हुद्दा, नंबर. नाव त्याच्याकडूनच लिहून घ्या. 'कदम' दोन असतात आणि 'साईनाथ' की 'सायनाथ' याचं उत्तर फक्त साईनाथच देऊ शकतो.

दुसऱ्या महिन्यापासून आठवड्याला एक बातमी. अडीचशे शब्द, जास्त नाही. ती छापून कुठे आणायची? परिसरातली साप्ताहिकं, दैनिकांची वाचकांच्या पत्रांची सदरं, कॉलेजचं नियतकालिक, नाहीतर स्वतःचं पान. सुरुवातीला कुठे छापलं याला महत्त्व नाही. सहा महिन्यांनी तुमच्याकडे वीस-बावीस बातम्या असतील, त्यातल्या सोळा टाकाऊ, चार बऱ्या. आणि एक अशी असेल की वाचून मुख्य बातमीदार विचारेल, "ही आपल्याकडे कशी सुटली?" तुमचा खरा बायोडेटा ती एक बातमी.

कॉपी: एक उदाहरण जवळून

नवशिक्याची बातमी साधारण अशी येते. उदाहरण मी रचलेलं आहे, पण अशा शेकडो कॉप्या मी खोडल्या आहेत:

'पुणे शहरात दिवसेंदिवस पाणीप्रश्न गंभीर बनत चालला असून नागरिकांमध्ये तीव्र नाराजीचे वातावरण पसरले आहे. याबाबत अधिक माहिती अशी की, धायरी परिसरातील एका सोसायटीमध्ये गेल्या काही दिवसांपासून अपुरा पाणीपुरवठा होत असल्याने नागरिक त्रस्त झाले असून प्रशासनाने याकडे लक्ष द्यावे अशी मागणी होत आहे.'

चाळीसेक शब्द झाले, कळलं काय? काहीच नाही. 'दिवसेंदिवस', 'काही दिवस', 'नागरिक', 'प्रशासन', 'मागणी होत आहे'. कोण मागतंय? आता पावत्यांची फाइल उघडून बसल्यावर तीच बातमी:

'धायरीतील ८४ सदनिकांच्या एका सोसायटीने ऑक्टोबर महिन्यात टँकरच्या पाण्यासाठी २ लाख १४ हजार रुपये मोजले. घरटी हा खर्च सुमारे अडीच हजार रुपये येतो. याच महिन्यात महापालिकेच्या नळाला सोसायटीत केवळ सहा दिवस पाणी आले.'

इथे विशेषण एकही नाही आणि नाराजीचं वातावरण सांगावंही लागत नाही. फक्त पावत्या मोजाव्या लागल्या आणि सेक्रेटरीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाणी आलेल्या तारखांना गोल केलेत, ते बघावं लागलं. याच्या पुढे पाणीपुरवठा खात्याच्या अभियंत्याचं म्हणणं हवंच. तो फोन उचलत नसेल तर कार्यालयात जा. 'संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य लिहिण्याचा हक्क दोनदा प्रत्यक्ष जाऊन आल्यावर मिळतो.

पोलिसांची प्रेसनोट हा मराठी शिकण्याचा उत्तम वर्ग आहे, उलट्या अर्थाने. 'सदर इसमास ताब्यात घेऊन त्याची अंगझडती घेतली असता त्याचे कब्जात एक लोखंडी कोयता मिळून आला.' रोज अशी एक प्रेसनोट घ्या आणि माणसांच्या भाषेत आणा: 'पोलिसांनी त्याची झडती घेतली, तेव्हा त्याच्याकडे कोयता सापडला.' मग त्या नोटमध्ये काय नाही ते शोधा. फिर्याद कधी दिली आणि गुन्हा कधी नोंदवला, यात किती दिवस गेले? आरोपीवर आधीचे गुन्हे होते, तर तो बाहेर कसा? प्रेसनोट सगळ्यांना येते. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकट्या तुमच्याकडे असतं.

टायपिंगबद्दल दोन शब्द. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची सवय असेल तर ती मोडा आणि इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कळफलक शिका. तीन आठवडे हात दुखतील, पुढे जन्मभर फायदा. काही कचेऱ्यांत पानं अजून श्रीलिपीच्या जुन्या फाँटात लागतात, तिथे युनिकोडमधली कॉपी बदलून घ्यावी लागते आणि त्या बदलात जोडाक्षरं फुटतात. फुटलेलं 'र्‍ह' आणि 'क्ष' डोळ्याला पटकन दिसावं, ही उपसंपादकाची पहिली परीक्षा.

आकड्यांना घाबरू नका, पण त्यांच्यावर विश्वासही ठेवू नका

माझी फजिती सांगतो. नोकरीचं पहिलंच वर्ष, जुलै महिना, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली. मी झोकात लिहिलं, 'मुठा नदीत २२ हजार टीएमसी पाण्याचा विसर्ग.' डेस्कवर त्या रात्री घाई होती, कुणाच्या नजरेला आलं नाही. सकाळी पावणेसातला कचेरीतून माझ्या घरी निरोप: पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा फोन आलाय, लगेच बोलून घ्या. मी फोन केला. ते अत्यंत शांतपणे म्हणाले, "अहो, खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९ टीएमसी होतात. तुम्ही २२ हजार सोडलेत. मी नारायण पेठेत तळमजल्यावर राहतो. सामान वर न्यायला घेऊ का?"

विसर्ग क्यूसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत मोजतात. साठा टीएमसीत, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे नुसतं पाठ करून भागत नाही, पाटीवर गणित करून बघा. २२ हजार क्यूसेक गुणिले दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे १९० कोटी घनफूट, १.९ टीएमसी. खडकवासला धरणाची स्वतःची क्षमता दोन टीएमसीच्या किंचित आत आहे. म्हणजे त्या वेगाने चोवीस तास सोडलं तर एक अख्खं खडकवासला मुठेतून वाहून जातं. मी ती बातमी नीट लिहिली असती तर हे वाक्य माझ्या इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीलाच असतं. १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी अजून घराघरांत असलेल्या शहरात ते वाक्य प्रत्येकाने वाचलं असतं.

टक्केवारी, दर हजारी, कोटी-अब्ज, अंदाजपत्रकातली तरतूद आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांतला फरक, एवढं जमलं तरी पुष्कळ. परदेशी बातमीतला एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

कागद कुठे मिळतात

माहिती अधिकार कायदा २००५ चा. अर्जाला १० रुपये शुल्क आणि उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लिहायचा असतो, हे नव्यांना माहीत नसतं आणि अर्ज परत येतो. 'गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची माहिती द्यावी' असं मागू नका. 'अमुक रस्त्याच्या डांबरीकरणाची कार्यादेशाची प्रत आणि शेवटच्या देयकाची प्रत' असं मागा. मुदतीत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

पण बातमीदाराला ३० दिवस फार असतात. कायद्याचं चौथं कलम सांगतं की बरीच माहिती सरकारी कार्यालयांनी आपणहून जाहीर करायची आहे, तेव्हा आधी संकेतस्थळ नीट खोदा. शिवाय २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला देण्याची सूचना केली. ते परिपत्रक छापून खिशात ठेवा, दाखवावं लागतंच. स्थायी समितीची आणि मुख्य सभेची कार्यपत्रिका मिळवा आणि शेवटच्या पानापासून वाचा. आयत्या वेळचे विषय आणि मुदतवाढीचे प्रस्ताव सहसा तिकडे दडलेले असतात. जमिनीच्या बातमीला सात-बारा आणि फेरफार, बिल्डरच्या बातमीला महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामकाकडची नोंद, खटल्याला ई-कोर्ट्स हे न्यायालयांचं संकेतस्थळ.

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षा देऊन थकलेली पोरं भेटतात आणि म्हणतात, चार वर्षं वाया गेली. या धंद्यात ती वाया जात नाहीत. शहरांच्या कारभाराबद्दलची ७४ वी घटनादुरुस्ती आणि महापालिका अधिनियम ज्याला पाठ आहे, त्याला मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आला तेव्हा नेमकं काय बदललं, हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पत्रकारितेची डिग्री घेतलेल्या कितीतरी मुलांना ते सांगावं लागलं.

पुण्यात बसून राज्याची बातमी

हा भाग कुणी सांगत नाही. राजधानी मुंबई असली तरी राज्याची कित्येक आयुक्तालयं पुण्यात आहेत: साखर, कृषी, सहकार, शिक्षण. दहावी-बारावीचं राज्य मंडळ इथेच, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, राज्य परीक्षा परिषद इथेच. २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार पुणे सायबर पोलिसांच्या तपासात बाहेर आला आणि तो सगळ्या महाराष्ट्राच्या पहिल्या पानावर गेला.

उदाहरणार्थ साखर. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर मिळाली पाहिजे. कुणी दिली, कुणी थकवली याचा हिशेब शिवाजीनगरच्या साखर संकुलात गोळा होतो. तुम्ही इंदापूर-बारामतीकडचे असाल आणि घरी उसाची पट्टी बघत वाढला असाल, तर हे बीट तुमच्याइतकं कोथरूडच्या मुलाला कधीच कळणार नाही. गावाकडून आल्याचा न्यूनगंड घेऊन पुण्यात फिरणारे फार भेटतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तसंच विज्ञान. हवामान खात्याचं शिवाजीनगरमधलं 'सिमला ऑफिस', पाषाणची हवामानशास्त्राची आयआयटीएम आणि रसायनशास्त्राची एनसीएल, विद्यापीठाच्या आवारातलं खगोलशास्त्राचं आयुका, विषाणूंसाठी एनआयव्ही. मराठीत विज्ञान समजून लिहिणारे बातमीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठही पुण्यात आहे. तिथे सुनावणीला नियमित बसा, रिकाम्या हातांनी परत येणार नाही.

कोर्स करावा का?

करावा, पण आधी वरचं सुरू करून. फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट म्हणजे पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग. मराठी पत्रकारितेतल्या किती पिढ्या त्या आवारातून गेल्या, याची गणती नाही. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात पत्रकारितेचं शिक्षण आहे. लवळ्याला सिम्बायोसिसची माध्यम संस्था आहे, तिचा तोंडवळा इंग्रजी आणि फी खाजगी. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेच्या (आयआयएमसी) अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका आहे. एफटीआयआय सिनेमा आणि टीव्हीच्या कलेसाठी आहे, बातमीदारीसाठी नाही. हा घोळ दरवर्षी होतो. प्रवेश परीक्षेची तारीख, जागा आणि फी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका.

कुठल्याही संस्थेत जाण्याआधी तिथल्या कट्ट्यावर तासभर बसा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकच विचारा, "गेल्या सहा महिन्यांत तुमच्याकडून किती बातम्या लिहून घेतल्या?" कोर्समधून मिळणारी खरी कमाई म्हणजे बरोबरची मुलं. पाच वर्षांनी ती वेगवेगळ्या कचेऱ्यांत असतात आणि कुठे जागा निघाली ते आधी त्यांनाच कळतं. ओळख म्हणतात ती हीच.

कायद्याचं थोडं, पण चुकवू नका

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, जुनी कलमं पाठ असतील तर विसरा. बदनामी आता कलम ३५६. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. सोसायटीचं नाव, वडिलांचा धंदा, शाळेची इयत्ता असं सगळं लिहून वर 'नाव बदलले आहे' म्हणणं म्हणजे नाव लिहिण्यासारखंच. पीडित मूल असेल तर पोक्सोचं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम २३, गुन्ह्यात सापडलेलं मूल असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४. अटक झालेला माणूस 'आरोपी' किंवा 'संशयित'. 'गुन्हेगार' तो कोर्टाने ठरवल्यावर.

दार ठोठावताना

आता तुमच्याकडे चार बऱ्या बातम्या आहेत. संपादकांना 'माननीय महोदय' असं तीन पानी पत्र पाठवू नका. मुख्य बातमीदाराला किंवा शहर डेस्कला आठ ओळींची मेल करा: मी अमुक, अमुक भागात राहतो, सहा महिने तिथलं लिहितोय, या तीन बातम्या, आणि ही चौथी अजून कुठेच आलेली नाही. दोन दिवसांनी फोन करा, दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला. संध्याकाळी सातनंतर केलात तर जे ऐकावं लागेल ते तुमच्याच चुकीने.

चौथी बातमी आधीच पूर्ण पाठवून द्यावी का? मुद्दा सांगा, कागद आहेत हे सांगा, सगळं देऊ नका. बहुतेक लोक सरळ असतात. काही नसतात.

चाचणीत सहसा इंग्रजी वृत्तसंस्थेच्या बातमीचं मराठी करायला देतात, मोठी बातमी दीडशे शब्दांत आणायला सांगतात आणि मथळे मागतात. अनुवाद करताना इंग्रजी वाक्य एकदा वाचून झाकून ठेवा आणि मग मराठीत सांगा. बघत बघत लिहिलेलं लगेच ओळखू येतं. नुसता अनुवाद आता यंत्रंही करतात, तेव्हा त्याच बळावर डेस्कवर चिकटू, असं समजू नका.

वेळ साधा. पालख्या, गणेशोत्सव, निवडणुका, दहावी-बारावीचे निकाल या दिवसांत प्रत्येक कचेरीला हात कमी पडतात. जूनच्या सुरुवातीला किंवा गणपतीच्या महिनाभर आधी गेलेला उमेदवार बसवून घेतला जातो, तोच ऑक्टोबरात "कळवतो" ऐकून परत जातो. आकाशवाणी विसरू नका. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी पुणे केंद्राचं बातमीपत्र लागतं, ते महिनाभर ऐका. कमी शब्दांत, कानाला कळेल असं कसं लिहायचं, ते त्यातून कळतं.

पैसे, पाकीट आणि कार्ड

सुरुवातीला पैसे कमी असतात. इंटर्नशिप बहुधा फुकट, तालुक्याच्या किंवा उपनगरी वार्ताहराला बातमीमागे मानधन. म्हणून पहिल्या दिवशीच न लाजता विचारा: लेखी पत्र देणार का, पेट्रोल-मोबाइलचा खर्च कोण देणार, उमेदवारी किती महिन्यांची, आणि जाहिरात आणायची आहे का? चौथा प्रश्न महत्त्वाचा. काही ठिकाणी वार्ताहराला जाहिरातींचं टार्गेट असतं. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध बातमी लिहिता येत नाही, हे सांगायला नको. मी उमेदवारीत असताना एका कचेरीने मला तीन महिने राबवलं आणि शेवटी मानधनाऐवजी दिवाळी अंकाच्या पाच प्रती दिल्या. लेखी काही नव्हतं, भांडणार कशावर?

पत्रकार परिषदेत फाइलबरोबर पैशांचं पाकीट आलं तर ते तिथेच, चार लोकांसमोर परत करा. पहिल्यांदा अवघड जातं. एकदा केलंत की तुमच्यापुढे पुन्हा कुणी धरत नाही.

पैसे घेऊन 'प्रेस'चं ओळखपत्र देणारे पुष्कळ आहेत. त्याने टोल माफ होत नाही आणि बातमीही मिळत नाही. सरकारची अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, तीही काही वर्षांच्या अनुभवानंतर. तोपर्यंत कचेरीचं ओळखपत्र पुरतं. गांजवे चौकाजवळच्या पत्रकार भवनात मात्र जात राहा. तिथे पत्रकार परिषदा होतात आणि त्या संपल्यानंतरच्या चहावर परिषदेपेक्षा जास्त बातमी मिळते.

पहिल्या वर्षी तुम्हाला विसर्जन मिरवणुकीला नेमतील, हे धरूनच चाला. सकाळी मंडईतून मानाच्या कसबा गणपतीबरोबर निघालात की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर दिसत नाही. चपला नकोत, बूट घाला. कापसाचे बोळे आणि पॉवर बँक बरोबर ठेवा. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर मोबाइलचं नेटवर्क झोपतं आणि नेमकी तेव्हाच डेस्ककडून कॉपीची विचारणा सुरू होते. म्हणून चतुर्दशीच्या दोन दिवस आधी बेलबाग चौकाच्या आसपास एखाद्या दुकानदाराशी बोलून त्याचं वायफाय आणि माडीवरची एक खुर्ची ठरवून ठेवा.